वाइनची खोली

ताईच्या घरात सगळ्यात जास्त मान कुणाला, असं कुणी विचारलंच तर मी उत्तरेकडच्या खोलीतल्या कपाटाकडे बोट दाखवते. त्या कपाटात दाजींनी घरी केलेल्या वाइनच्या बाटल्या आडव्या पडून असतात, आणि त्यांना गारवा मानवतो. ताईच्या गुडघ्यांना मानवत नाही, पण गुडघ्यांना विचारतो कोण.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. त्यांचा जन्म गेला शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करण्यात. बटाटे, सफरचंदं, मासे, काहीही गार ठेवलं की टिकतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध. शेजारपाजारचे त्यांना थंडोबा म्हणतात. मीही म्हणते, फक्त त्यांच्या तोंडावर नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, फिरायला जातात. आमच्या थंडोबांना वाइनचा नाद लागला. मोठ्या काचेच्या बरणीत द्राक्षांचा रस, साखर आणि यीस्ट, आणि झाकणातून निघालेली नळी पाण्यानं भरलेल्या ग्लासात बुडवलेली. रस आंबतो तोवर ग्लासात बुडबुडे येत राहतात. ते थांबले की बाटल्या भरायच्या. स्वयंपाकघर उबदार होतं, बरणी तिथं सुखानं आंबली असती. पण उबेत कधी कुणाचं भलं झालंय? बरणी गेली उत्तरेकडच्या खोलीत. ऐन हिवाळ्यात बुडबुडे थांबले तशी स्वारी खूश. एवढ्या झटपट कुणाला जमत नाही म्हणे. बाटल्या भरून, बुचं ठोकून झाली आणि मग आम्हाला व्याख्यान. उकाड्यात वाइन घाईघाईनं म्हातारी होते, तिचा वास-चव उडून जाते. गारव्यात मात्र ती सावकाश मुरते. हे अगदी खरं आहे, मी चौकशी केली. एवढी काळजी त्यांनी बायकोच्या म्हातारपणाची केली असती तर मी त्यांची आरती ओवाळली असती.

ती खोली मुळात माझ्या भाचीची. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, तिला मुलगी झाली. गेल्या खेपेला तान्हीला घेऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी पोरीचं नाक वाहायला लागलं. भाचीनं बॅग भरली. खोली गरम होणार असेल तरच येईन, असं आईला सांगून गेली. ताईला दुसरं काही नको होतं. नात महिनाभर त्या खोलीत राहावी, एवढंच. तिनं हीटरचा विषय काढला तर दाजी म्हणाले, बाळाला स्वेटर घालता येतो, बाटलीला कसा घालणार? ताई नेहमीसारखी गप्प बसली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

मग जुन्या शीतगृहातलं कुठलंसं यंत्र कुणालाच दाद देईना, म्हणून दाजींना आठवडाभर परगावी बोलावणं आलं. ते गेले त्याच दुपारी ताईनं दुकानातून हीटर आणला आणि भाचीला फोन केला. नात आली. खोलीत दोरीवर दुपटी वाळायला लागली. ताईच्या गुडघ्यांनाही बरं वाटलं, पण ते तिनं फक्त मला सांगितलं.

दाजी परतले त्या दिवशी मी तिथंच होते. आल्या आल्या त्यांनी नातीला नाही, भिंतीवरच्या तापमापकाला पाहिलं. चेहरा उतरला. ते हीटरच्या बटणाकडे वाकले, आणि कपाटात फट्‌कन आवाज झाला. पाठोपाठ आणखी एक. कपाटाचं दार धाडकन उघडलं आणि लालभडक फेस त्यांच्या शर्टावर, भिंतीवर, पलंगाच्या चादरीवर. भाची पोरीला घेऊन दाराबाहेर पळाली. पोरगी घाबरली म्हणता? छे, ती खिदळत होती.

दाजींनी बोट चाटलं आणि मटकन पलंगावर बसले. वाइन गोड होती. म्हणजे आतली साखर तशीच होती, रस अर्धवटच आंबला होता. थंडीनं बुडबुडे नुसते झोपवले होते. खोलीत ऊब आली तसे ते जागे झाले, आणि बाहेर पडायला वाट नव्हती. इतकी वर्षं गारव्यावर पोट भरलेल्या माणसाला हे कळायला बोट चाटावं लागलं.

"गप्प होती," ते म्हणाले, "म्हणून मला वाटलं, झाली."

ताई फरशीवर बसून फडकं पिळत होती. तिनं मान वर केली नाही.

"मीही गप्पच होते," ती म्हणाली.

दाजींना टोमणे मारायची एकही संधी मी कधी सोडलेली नाही, पण त्या वेळी मला रडूच आलं. दाजींनी ताईच्या हातांकडे पाहिलं. मग उठले आणि उरलेल्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून, एकेक करत, बाहेर जिन्याखाली नेऊन ठेवल्या. हीटर चालूच होता. शेवटच्या फेरीनंतर ते आत आले, हीटर ताईच्या बाजूला थोडा सरकवला, आणि तिच्या हातातलं फडकं मागून घेतलं.