फिर्यादी तो, आरोपी मी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी टॉवेलचे काठ शिवायची. मी तृतीयपंथी आहे हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. बायका मला आपल्यात जेवायला बसवायच्या, गडी माझ्या चालण्याची नक्कल करायचे. करू देत. शिलाईचं काम गेलं तर टाळी वाजवत दुकानं हिंडायची, एवढंच उरत होतं, आणि ते मला करायचं नव्हतं.

शेजारच्या कारखान्यातला एक गडी मात्र पाठ सोडेना. पाळी सुटली की मोटारसायकल माझ्या बाजूनं हळूहळू चालवायचा, घाण बोलायचा. एका संध्याकाळी त्यानं गाडी आडवी घातली आणि मला कारखान्याच्या भिंतीला दाबलं. आत माग धडधडत होते, माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? त्याचा एक हात माझ्या गळ्यावर, दुसरा ब्लाउजमध्ये. धागे कापायची कातर कमरेला खोचलेली होती. ती मी त्याच्या दंडात खुपसली.

गळ्यावरचे वळ घेऊन मी पोलीस ठाण्यात पोचले, तर त्याच्या भावानं त्याच्या वतीनं आधीच फिर्याद दिली होती.

"साहेब, त्यानं माझ्या अंगावर हात टाकला," मी म्हणाले.

"विनयभंग बाईचा हुतो," साहेब म्हणाले. "तू बाई हायस का?"

हवालदार हसला. तेवढ्यात माझ्या शेजारी शिलाईला बसणारी तेलुगू मावशी धापा टाकत आली. पाळी सुटल्यावर ती माझ्या मागूनच चालत होती.

"मी बघितलं की साहेब. आधी त्यानंच धरलं तिला."

"मावशी, घरी जावा. ह्या वयात कोर्टाच्या चकरा कशाला?"

ती गेली नाही. बाकावर बसून राहिली. तिचा जबाब मात्र कुणी घेतला नाही. मला पुरुषांच्या कोठडीत टाकलं. त्याआधी झडतीच्या नावाखाली साडी वर करायला लावली, आणि दोघेतिघे बघायला आले. त्यांची तोंडं मी विसरलेली नाही.

जामीन झाल्यावर वकीलबाईंनी कायदा समजावला. माझ्यासारखीवर अत्याचार करणाऱ्याला आमच्यासाठी केलेल्या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षं. आणि दंडातली शीर कापल्यानं त्याची दोन बोटं वळत नव्हती, म्हणून घातक हत्यारानं गंभीर दुखापत केल्याबद्दल मला दहा वर्षंसुद्धा होऊ शकत होती.

मालकानं निरोप धाडला, "माफी माग. मिटवून टाकू."

"गळा दाबून घेतल्याची माफी मागू व्हय?" मी म्हणाले. त्यानं मला कामावरून काढलं.

मावशी कोर्टात आली. साक्ष दिली. सरकारी वकिलानं विचारलं, "एवढं बघितलं होतं तर पोलिसांना का नाही सांगितलं?" ती रडायलाच लागली. न्यायालयानं म्हटलं, स्वसंरक्षण पटत नाही, आरोपी पळून जाऊ शकत होता. मी पळून जाऊ शकत 'होतो'. निकालपत्रात शेवटपर्यंत मी पुरुषच आहे. शिक्षा झाली. वकीलबाईंनी अपील केलंय, त्याचा निकाल लागेपर्यंत मी जामिनावर बाहेर आहे.

माझ्या तक्रारीवर गुन्हा आजपर्यंत नोंदलेला नाही.

आता मी दुसऱ्या कारखान्यात शिवते. रस्ता तोच. कधी कधी तो समोरून येतो. मी बाजूला होत नाही.