शेजार बघणाऱ्या प्रभाकाकू

प्रभाकाकू घर बघायला गेल्या की ते घर सोडून आधी शेजारच्या घराची बेल वाजवायच्या. दलाल इकडे कुलूप काढून, दिवे लावून तयार असायचा आणि काकू तिकडे एखाद्या अनोळखी बाईला विचारत असायच्या, "बहनजी, थोड़ा-सा जामन मिलेगा क्या?" जामन म्हणजे विरजण. मग पर्समधून झाकणाची छोटी स्टीलची डबी निघायची. जिने आम्हाला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, तिने हातातलं काम टाकून दार उघडावं आणि चमचाभर दही डबीत घालावं, अशी काकूंची साधी अपेक्षा असे. मी मागे उभी राहून भिंतीवरचे विजेचे मीटर वाचत असे.

मी त्यांची पुतणी. माझ्याकडे गाडी आहे आणि माझ्या नवऱ्याची नोकरी फिरतीची आहे, म्हणजे मी मोकळीच असते, असा काकूंचा समज होता. त्यामुळे घर शोधण्याच्या मोहिमेवर सारथी म्हणून माझी नेमणूक झाली. "मंजू, तू तर जातेच न इकडे-तिकडे, मला पण घेऊन चल," एवढंच नियुक्तिपत्र. घर पाहावं बांधून असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने म्हटलं त्याने काकूंबरोबर घर शोधलेलं नसणार.

आमचं शहर हिंदी मुलखातलं; तिथल्या दौलतगंज या जुन्या पेठेत त्यांचं अरुंद आणि उंच घर होतं. खाली दोन दुकानं, वर यांचा संसार, आणि मध्ये असा उभा जिना की धडधाकट माणसानेही देवाचं नाव घ्यावं. दिनकरकाका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. पुढे ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग घराचा रस्ता. पण गल्ली जुनी होती. काका भलतीकडे वळले की बांगड्यांच्या दुकानातून हाक यायची, "प्रोफेसर साहब, घर इधर है," आणि कुणीतरी त्यांना जिन्याच्या तोंडाशी आणून सोडायचं. काकूंना यात विशेष काही वाटत नसे. "काही गोष्ट नाही," त्या म्हणायच्या, "आज हे हरवले, उद्या तो बांगड्यावाला हरवेल, तेव्हा आपण त्याला आणू."

मग काका जिन्यावरून पडले आणि मनगट मोडून घेतलं. तळमजल्यावर राहायला जा, असं डॉक्टरांनी बजावलं. तळमजल्यावर दुकानं, तेव्हा घर विकण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. डॉक्टरांकडून परत येताना काकू गाडीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. मागे काकांना डुलकी लागली आहे, हे त्यांनी वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "जिना सुटेल, ते ठीक आहे. पण नवीन जागी यांना कोण ओळखणार, मंजू? हे बाहेर निघाले तर परत कोण आणणार?" मी म्हटलं, होईल काहीतरी. याला उत्तर म्हणत नाहीत, हे मलाही कळत होतं.

उत्तर होतं त्यांचा मुलगा शिरीष याच्याकडे. तो बंगळूरला राहतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. लिफ्ट हवी, पार्किंग हवं, फाटकावर गार्ड हवा, कॅमेरे हवेत, असं तो रोज व्हिडिओ कॉलवर सांगायचा. काकू फोन कानाला लावून ऐकायच्या, त्यामुळे शिरीषला त्यांचा चेहरा कधी दिसला नाही, कानातलं कुडं मात्र दिसायचं. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणायच्या, "बेटा, कॅमेरा बघतो. हात थोडीच धरतो."

किला गेटजवळचा एक फ्लॅट तर मला स्वतःलाच घ्यावासा वाटला. खिडकी उघडली की समोर अख्खा किल्ला. मी खिडकीशी उभी, दलाल भदौरियाजी माझ्या शेजारी अभिमानाने उभे, जणू किल्ला त्यांनीच बांधून घेतला होता. तेवढ्यात काकू डबी घेऊन रिकाम्या हाताने, म्हणजे रिकाम्या डबीनिशी, परत आल्या. शेजारणीने दार न उघडता आतूनच सल्ला दिला होता, "ऑनलाइन मँगा लीजिए आंटी, दस मिनट में आ जाता है." काकूंनी किल्ल्याकडे एकदा पाहिलं. "चांगला आहे," म्हणाल्या. "पण हा काय यांना घरी आणून सोडणार?" आणि लिफ्टकडे चालायला लागल्या.

एका नव्या सोसायटीत तर गार्डने आम्हाला शेजाऱ्यांच्या दारापर्यंत जाऊच दिलं नाही. काकूंनी इंटरकॉमवरून विरजण मागितलं. "किस कंपनी से?" असा प्रश्न आला. काकूंनी चिकाटीने सगळं पुन्हा सांगितलं. शेवटी वरून एक मोलकरीण विकतच्या दह्याचा सीलबंद डबा घेऊन खाली आली. मला हे औदार्य वाटलं. काकूंनी ते दही घरी आणून, दुधाला लावून, दुसऱ्या दिवशी मला फोनवर निकाल सांगितला, "पाणीच पाणी. मी शिरीषला सांगून देते, ते घर नको."

आता मात्र माझा संयम संपला. मी म्हटलं, "काकू, दही घट्ट लागलं म्हणजे माणसं चांगली, असा काही नियम आहे का?"

"माणसं चांगलीच असतात न," त्या शांतपणे म्हणाल्या. "दार उघडतात का, ते बघायचं. तू उगाच परेशान होऊ नको."

परेशान न होता मी त्यांना आणखी किती वसाहतींतून हिंडवलं, ते माझ्या गाडीचं पेट्रोल जाणे. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी मोठाले दिवाणखाने नाकारले, संगमरवरी ओटे नाकारले, एक झोपाळ्याची बाल्कनी नाकारली. भदौरियाजींनी तर हात टेकले. ते मला बाजूला घेऊन विचारायचे, "दीदी, आंटीजी को मकान चाहिए या डेरी?"

पडाव भागातलं घर मी पहिल्या नजरेतच नापास केलं होतं. स्टेशन जवळ, पुढे लॉज, रिक्षांचा कलकलाट, गाड्यांच्या शिट्ट्या. तळमजला होता एवढंच. त्या दिवशी काका आमच्याबरोबर होते. त्यांना गाडीत बसवून, काच खाली करून आम्ही आत गेलो. काकूंनी रिवाजाप्रमाणे समोरच्या दाराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाई काकूंच्याच वयाच्या, अंगाने भरलेल्या, हात कणकेने माखलेले. या तिवारी भाभी. त्यांनी डबीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इतनी-सी में क्या जमेगा? बैठो, कटोरी में देती हूँ."

मग जी चौकशी झाली तिला तोड नव्हती. मुलं किती, एकच का, सून कुठली, गुडघे कधीपासून दुखतात. काकूही कमी नाहीत. त्यांनी भाभींच्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या नवऱ्याच्या रक्तदाबापर्यंत मजल मारली. बोलता बोलता काकू म्हणाल्या की आमचे हे बाहेर गाडीत आहेत. भाभी उठल्याच. "भाईसाहब गाड़ी में हैं? अकेले?" असं म्हणत कणकेच्या हातानिशी बाहेर गेल्या आणि काकांना कोपराने रेटत, गप्पा मारत आत घेऊन आल्या. काकांच्या बाहीला कणीक लागली होती. ते खुशीत होते.

काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हेच घ्यायचं." तोवर त्यांनी घर पाहिलेलंच नव्हतं. नंतर पाहिलं. स्वयंपाकघर अंधारं होतं, न्हाणीघराचं दार लागत नव्हतं, आणि दर थोड्या वेळाने आगगाडी सगळ्यांचं बोलणं बंद पाडत होती. "काही गोष्ट नाही," काकू म्हणाल्या.

जुनं घर विकायला सोपं जाईल, असं मला वाटत होतं. भरवस्तीतली जागा, गिऱ्हाइकं दारात उभी. एक कापड व्यापारी तर मागितलेल्या किमतीच्या वर द्यायला तयार होता. त्याला तिथे गोदाम करायचं होतं. भदौरियाजी हात जोडून म्हणाले, "आंटीजी, लक्ष्मी दरवाज़े पर खड़ी है." काकूंनी लक्ष्मीला चहा पाजला आणि परत पाठवलं. दुसरं गिऱ्हाईक होतं राठौर म्हणून एक शाळामास्तर, त्याची बायको ममता आणि दोन मुली. त्यांची ऐपत बरीच कमी होती. काकूंनी त्यांना होकार दिला. बंगळूरहून आलेला शिरीषचा आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

"आई, कारण तरी सांग," तो म्हणत होता.

काकूंनी त्याला काही सांगितलं नाही. मला गाडीत सांगितलं. "हे कुठेही राहिले तरी निघतील ते दौलतगंजलाच. माहीत आहे न मला. इतकी वर्षं पायांना तोच रस्ता आहे. तिथे पोचल्यावर शटर दिसलं, वर गोदामाचं कुलूप दिसलं, तर कुठे जातील ग? कुणीतरी आत घेणारं पाहिजे. बस."

हीच अट त्यांनी राठौर कुटुंबाला घातली. बाबूजी येतील, आले की बसवा, पाणी द्या, मला फोन करा. घर विकलंय असं त्यांना सांगू नका. ममता सहज म्हणाली, "आएँगे तो हम कौन-सा भगा देंगे, आंटीजी." भदौरियाजींना मात्र घाम फुटला. "ये बात रजिस्ट्री में कैसे लिखवाएँगे?" त्यांनी मला हळूच विचारलं. काकूंनी ते ऐकलं. "लिहायचं कशाला? मी बोलली आहे त्यांच्याशी," त्या म्हणाल्या.

काका-काकूंना पडावला राहायला जाऊन फार दिवस झाले नव्हते. एका संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता, फक्त "काही गोष्ट नाही" हे त्या तीनदा म्हणाल्या, तेव्हा मी किल्ली घेऊन धावले. काका निघून गेले होते. तिवारी भाभींनी त्यांना लांबून ई-रिक्षात चढताना पाहिलं होतं, त्या मागे धावल्याही होत्या, पण रिक्षा निघून गेली. आम्ही दौलतगंजच्या वाटेवर असतानाच ममताचा फोन आला. बाबूजी आलेत, हात धरून वर आणलंय, बसलेत.

जिना चढून आम्ही वर गेलो. काका समोरच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसले होते. राठौर मास्तर स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे पलंगाच्या कडेवर टेकले होते आणि काका त्यांना सांगत होते, "आराम से बैठिए, संकोच मत कीजिए." मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. काकूंकडे पाहून ते उठून उभे राहिले, नमस्कार केला आणि म्हणाले, "या, या. बसा. घर आपलंच आहे."

काका विसरतात हे मला माहीत होतं. काकूंनाच विसरतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. "काका, अहो, ही..." असं मी म्हणायला गेले, तर काकूंनी माझा हात दाबला. पदर सावरून त्या खुर्चीत बसल्या. ममताने पाणी दिलं, ते प्यायल्या.

"आपण कुठून आलात?" काकांनी विचारलं.

"पडावहून."

"बऱ्याच लांबून आलात. घरी कोण कोण?"

"आम्ही दोघंच. मी आणि आमचे हे." काकूंनी पेला खाली ठेवला. "फार चांगले आहेत. आजकाल थोडं विसरतात."

"वय झालं की व्हायचंच," काका समजुतीने म्हणाले. "सांभाळून घ्या."

"घेते न."

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मला रडू आवरत नव्हतं आणि ते काकांना दिसू द्यायचं नव्हतं. मागून काकूंचा आवाज आला, अगदी रोजचा. "आता अंधार पडेल. मला एकटीला जाता येणार नाही. घरापर्यंत सोडता का?"

काकांनी उभ्या आयुष्यात कुणा बाईमाणसाला दिवेलागणीनंतर एकटं जाऊ दिलेलं नव्हतं. ते लगेच उठले, चपला शोधल्या. जिन्यावर काकूंचा हात धरून म्हणाले, "जपून उतरा. हा जिना फार वाईट आहे." माझी गाडी गल्लीच्या तोंडाशी होती, पण काकूंनी मला मागून यायची खूण केली. काकांनी ई-रिक्षा थांबवली, आधी काकूंना बसवलं, मग स्वतः बसले. मी पडावपर्यंत त्या रिक्षाच्या मागे मागे गेले.

घरापाशी तिवारी भाभी दारातच उभ्या होत्या. काकूंनी मान हलवली, तशा त्या काही न बोलता बाजूला झाल्या. काका उंबरठ्याबाहेर थांबले. "बरं, येतो मी," म्हणाले.

काकूंनी कुलूप काढलं, आतला दिवा लावला आणि दार सताड उघडं धरलं. "असं थोडीच असतं? इतक्या लांबून आलात. चहा घेतल्याशिवाय नाही जायचं."

काकांनी क्षणभर विचार केला आणि चपला काढल्या.