शब्बीरभाईंची सुई

शब्बीरभाई गेले त्याला सहा आठवडे झाले. कॉलेजच्या शोकसभेत प्राचार्य दोन मिनिटं बोलले... ‘अत्यंत प्रामाणिक शिपाई.’ मला संताप आवरेना. शब्बीरभाई शिपाई नव्हते, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. आणि प्रामाणिकपणाचं कौतुक करणाऱ्यांनी आधी स्वतःकडे बघायला हवं होतं. त्यात मीही आले.

मी नोकरीला लागले ते कापसाच्या पडझडीचे दिवस होते. यवतमाळात कुठेही बसा, बोंडअळी आणि भाव याशिवाय विषय नसायचा. आणि मी, नवी लेक्चरर, कारा नावाच्या पाणशेवाळाला सुई टोचत बसले होते. या शेवाळाची एकेक पेशी बोटभर लांब असते, नुसत्या डोळ्यांना दिसते, आणि तिच्या आत जीवद्रव्य सारखं फिरत असतं. तिला इजा झाली की ती काय करते, एवढंच मला बघायचं होतं. स्टाफरूममध्ये टोमणे चालत, ‘शेतात कापसाची पऱ्हाटी वाळून राह्यली अन् मॅडम शेवाळ टोचून राह्यल्या.’ शब्बीरभाई मात्र कळंबच्या वाटेवरच्या तलावातून सायकलवर बादलीभर शेवाळ आणून देत. मी टोचायची, पेशी मरायची. चार महिने हेच चाललं. मी रडकुंडीला आले होते.

शब्बीरभाईंच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. एका दुपारी शब्बीरभाई माझ्यामागे उभे राहून म्हणाले, ‘मॅडम, भरल्या ट्यूबले सुई मारसान तं फुटनच. आधी थोडी हवा कमी करा.’

पेशीतल्या पाण्याचा दाब... माझ्या पदव्यांना हे सुचलं नव्हतं! आम्ही पेशी साखरेच्या पाण्यात ठेवली, दाब उतरू दिला. सुई मी त्यांच्याच हातात दिली, त्यांनी टोचली. जीवद्रव्याचं फिरणं जागच्या जागी थांबलं. काही मिनिटांनी एक कण हलला, मग दुसरा... आणि जखमेपाशी आतून ठिगळ जमत गेलं. ‘जिती हाय,’ एवढंच ते बोलले.

शोधनिबंधावर विभागप्रमुखांचं नाव पहिलं, माझं दुसरं. तिसरं मी शब्बीरभाईंचं घातलं होतं, ते प्रमुखांनी काढून टाकलं. परिचराचं नाव बघून लोक हसतील म्हणे. ज्या माणसानं एकदाही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही, तो हे सांगत होता! आणि मी? माझी नोकरी कायम व्हायची होती. मी मूग गिळून बसले. शब्बीरभाईंनी निबंधाची एक प्रत तेवढी मागून नेली.

परवा त्यांच्या घरी गेले, तर ती प्रत भिंतीवर फ्रेम करून लावलेली. त्यांच्या बायकोला, रेहानाभाभींना, इंग्रजी येत नाही. म्हणाल्या, ‘यात ह्यायचं नाव कोनतं हाय, दाखवा ना मॅडम.’ कुठेही बोट ठेवलं असतं तरी खपून गेलं असतं. पण मी सांगून टाकलं, की नाव नाही, काढून टाकलं, आणि मी गप्प बसले.

भाभींनी फ्रेम उतरवली, ओढणीनं पुसून माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीतलं पेन आणून दिलं.

‘आता लिहून द्या,’ म्हणाल्या.

मी लिहायला गेले. काचेवर पेन उमटत नव्हतं.