दातोबाचं नख

आमच्या शेजारचा दातोबा उजव्या अंगठ्याचं नख वाढवतो ते गिटार वाजवायला, अशी आवई आमच्या मजल्यावर बरेच दिवस होती. वरच्या मास्तरीणबाईंनी तर नातवाच्या शिकवणीची चौकशीही करून टाकली. खरं इतकंच, की हा गृहस्थ वर्कशॉपमध्ये ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स उघडतो, आणि संगीतातलं त्याला हॉर्नच्या पलीकडे काही कळत नाही.

सध्या कंपनीने एका मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्यात. गाडी उभी करून गिअर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, टाकला की आतल्या एका दातेरी चाकात खिट्टी बसते आणि गाडी जागची हलत नाही. म्हणजे हलू नये, अशी अपेक्षा असते. काही चाकांच्या दातांना बारीक चिरा निघाल्या आणि उभ्या गाड्या मालकाला न विचारता फिरायला निघाल्या. त्या चिरा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून दातोबा एकेका दातावरून नख फिरवतो. अडकलं की चाक बाद. स्वतःची किडलेली दाढ मात्र तो कुणाला बघू देत नाही.

परवा त्याच्या घरात सगळ्यांचा फोटो काढायचा होता. हे भुताचं नख फोटोत नको म्हणून दुपारी तो घोरत असताना बायकोने ते कापलं. फोटो सुरेख आला. दुसऱ्या दिवशी साडूंची गाडी तपासणीला आली.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोरांना घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावर सहलीला जायचं त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. दातोबा म्हणाला, नख नाही, तपासणी नाही, गाडी नाही. मॅनेजरने भिंग पुढे केलं. "भिंगाने वर्तमानपत्र वाचतात, साहेब," म्हणून त्याने ते परत दिलं.

घरी बायकोने डोळ्यांत पाणी आणलं. "अहो, भाऊजींची गाडी अडवलीत तर ताई माझ्याशी बोलायची नाही."

"माझं नख तू कापलंस. आता तुझं दे."

बाई तरातरा वर्कशॉपमध्ये गेल्या. तमाशा फुकट असला की मला घरात करमत नाही, तेव्हा मीही गेलो. सुटं केलेलं चाक टेबलावर होतं. बाईंनी झोकात पहिल्या दातावरून गुलाबी नख फिरवलं. "बघा, काचेसारखं आहे." मग पुढचा दात, त्याच्या पुढचा. आणि कट्‌कन नख मोडलं.

बाईंनी आधी नखाकडे पाहिलं, मग गाडीत मागच्या सीटवर पडलेल्या भाच्यांच्या चपलांकडे.

"अडकतंय," त्या हळूच म्हणाल्या.

"दुसऱ्या बोटाने बघ जरा," साडू म्हणाले.

त्यांनी पाहिलं. "त्यालाही अडकतंय, भाऊजी. ताईला मी सांगते."

नवं चाक यायला आठवडा लागणार होता. दातोबाने गाडीवर लाल चिठ्ठी चिकटवली. साडूंचा चेहरा त्याच रंगाचा झाला.

"अरे, केसाएवढ्या चिरेचं काय घेऊन बसलास? मी वर गेल्यावर टायरला दगड लावीन की."

दातोबाने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "मग दगडच घेऊन जा सहलीला. गाडी इथे राहील."