आजीच्या डोक्याचा साचा

शहाडच्या एका शाळेत मी नवीनच शिक्षिका झाले होते. ऐंशीचं दशक संपत आलेलं. दुसरीच्या मुलांकडून मी हातात घालायच्या बाहुल्यांचं नाटक बसवलं. डोकी शाडूच्या मातीची, मीच केलेली. स्नेहसंमेलनात एका मुलीच्या बोटावरून आजीचं डोकं सटकलं आणि फरशीवर आपटून फुटलं. पोरगी नुसतं बोट हलवत पुढचे संवाद म्हणत राहिली. लोक हसले. आत येऊन ती इतकी रडली की मला माझीच लाज वाटली. एवढंसं बोट आणि त्यावर मी ते धोंड्यासारखं डोकं ठेवलेलं.

डोंबिवलीला घरी जाताना मी कल्याणला उतरले. तिथे एक काकी गणपतीचा कारखाना चालवायच्या. यजमान गेल्यावर सगळं त्यांच्यावरच होतं. माती मी त्यांच्याकडूनच न्यायचे. रुमालातले तुकडे दाखवून मी विचारलं, "काकी, दुसरं करून द्याल?"

"मी कशाला? तुम्ही साचा करायला शिका, बाई. मग पडलं तर पडलं."

मी दर रविवारी जायला लागले. आधी मातीत आजी पुन्हा घडवली. काकींनी तिच्या कानांवरून दोरा फिरवला. "इथून दोन भाग करायचे. कानामागे खोल खाच ठेवलीत तर साचा अडकेल." डोकं अर्धं मातीत रोवून वरच्या अर्ध्यावर प्लास्टर ओतलं. ते सुकल्यावर उलटं करायचं, प्लास्टरच्या कडेला साबणाचं पाणी लावायचं आणि दुसरा भाग ओतायचा. साबण लावायलाच मी विसरले. दोन्ही भाग एकमेकांना असे चिकटले की पटाशीनेही हलेनात.

काकींनी हातोडी माझ्या हातात दिली. "फोड."

"अहो, महिन्याभराची मेहनत आहे!"

"माझा पहिला असाच गेला गं. आमचे हे तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मी बोलतेय ना तुझ्याशी? फोड आणि चहा घे."

'बाई'ची मी 'अगं' झाले ती त्या दिवशी.

दुसरा साचा नीट सुटला. आत शाडू आणि कागदाच्या लगद्याचा पातळ थर दाबला. सुकल्यावर निघालेलं डोकं हातात घेतलं तर वजनच लागेना. त्याच साच्यातून आणखी पाच काढली. नाक वाढवून एक पोस्टमन झाला, मिशा लावून एक चोर. डोळे मात्र काकींनी प्रत्येकाचे वेगळे, हाताने रंगवायला लावले.

"तुमचे उपकार कसे फेडू?" मी विचारलं.

"नाटक दाखव. गणपतीत गल्लोगल्ली कार्यक्रम असतात, पण आम्ही तेव्हा मेल्यासारख्या झोपलेल्या असतो."

एका रविवारी पाच मुलांना घेऊन मी कारखान्यात गेले. बिनरंगाच्या गणपतींपुढे नाटक झालं. चोर पकडला गेला तेव्हा काकींनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की मुलं संवादच विसरली.

तो साचा मी वर्षानुवर्षं वापरला. पुढे ठाण्याला वर्तकनगरच्या शाळेत गेले तेव्हाही सोबत नेला. आतल्या सुरकुत्या झिजत गेल्या, तशी आजी दर वर्षी थोडी तरुण निघायची.

साच्याचं काम बाहेरच्या माणसाला कुणी शिकवत नाही, हे मला फार उशिरा दुसऱ्या एका कारखानदाराकडून कळलं. मी काकींना विचारलं, "मग मला कसं शिकवलंत?"

"तू काय गणपती विकणार होतीस?" म्हणाल्या, आणि माती मळायला लागल्या.