त्यांचं संगीत, आमचा हेल

समस्त जनांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, युरोपातल्या माणसानं हेल काढला तर ते संगीत असतं. वऱ्हाडातल्या माणसानं काढला तर तो दोष. हा निकाल पुण्यातल्या एका काचेच्या खोलीत लागला. आरोपी मी. पुरावा माझाच आवाज.

समोर माइक. कानांवर हेडफोन. काचेपलीकडे मॅडम आणि त्यांची माणसं. युरोपच्या भाषांचे सूर मराठी माणसाला समजावणारे धडे त्यांना हवे होते, मोबाइलवर ऐकायचे. ते मी लिहिले होते. मी अमरावतीत नर्स मुलींना जर्मन शिकवतो. नोकरीसाठी तिकडे निघालेल्या मुली. त्यातून हा नाद लागला आणि मग सुटलाच नाही.

मी नुसतं सांगत नाही, करून दाखवतो. फ्रेंच माणूस अख्खं वाक्य सपाट नेतो आणि जोर देतो शेवटाला. चेक माणूस प्रत्येक शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर हातोडा मारतो. पोलिश माणूस शेवटून दुसऱ्यावर. डॅनिश माणूस बोलता बोलता गळ्यात अडकतो. आणि स्वीडिश माणूस झोक्यावर बसून बोलतो. भुवया, हात, मान, सगळं कामाला लावलं मी. मॅडम खूश. "स्वीडिश किती गोड, नाही?" म्हणाल्या.

मग नमुन्यांच्या मधलं माझं मराठी आलं. मी एवढंच म्हणालो, "आता तुम्ही म्हणून पाहा."

मॅडमनी हात वर केला. माझं वाक्य पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. काचेपलीकडे सगळे हसत होते. काचेतून आवाज येत नाही. नुसते दात दिसतात.

मग माझ्या कानात मॅडम: "तुम्ही साधं बोललात तरी भांडल्यासारखं वाटतं हो. जरा सभ्य मराठीत घ्या ना."

त्यांनी आडनाव पुन्हा विचारलं. मग गाव. मग म्हणाल्या, "अच्छा."

तो अच्छा मी जगातल्या कुठल्याही भाषेत ओळखीन. आधी जरा वर जातो. मग हळूच खाली उतरतो आणि दार लावून घेतो. शाळेत ऐकलाय. भाड्याची खोली शोधताना ऐकलाय. वडिलांनीही ऐकला असणार, त्यांनी कधी सांगितलं नाही.

आणि मी? मी म्हणालो, तयारी करून येतो.

अमरावतीच्या खोलीत रोज संध्याकाळी आवाजाला इस्त्री करत बसलो. चढ आला की दाबला. लॅपटॉपवरच्या रेकॉर्डिंगमधून लिथुआनियाचा म्हातारा बोलायचा, लिस्बनची बाई अर्धे स्वर गिळून बोलायची. अख्खा युरोप माझ्या खोलीत, आणि हे कुणाला ऐकवावं तर दारात माणूस नाही. वर्गातल्या मुलीही गप्प झाल्या. आधी माझी टर उडवायच्या. आता "हो सर" म्हणायच्या.

इस्त्री नीट बसली की नाही हे पाहायला मी अकोल्याला आईकडे गेलो. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसलो आणि एकदम पुणेरी, हळू, सपाट विचारलं, "आई, तू जेवलीस का?"

तिच्या हातातली शेंग खाली पडली. तिनं पदर डोक्यावर घेतला.

आमच्या वस्तीत इतकं हळू आणि इतकं सपाट माणूस एकदाच बोलतो. मयताची खबर आणल्यावर.

"कोन गेलं?" आई म्हणाली. "सांगून टाक."

मी म्हणालो, कुणी नाही. तेही त्याच सुरात. मग तर तिची खात्रीच झाली. शेजारची काकू पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्यामागून आणखी बाया आल्या. भिंतीला टेकून गप्प बसल्या. मला हसू आलं. एकटाच हसलो मी.

आईनं माझं तोंड निरखून पाहिलं. "मंग असा काहून बोलून राह्यला? तू कोन्या परक्याच्या घरी आला काय?"

खबर खरीच होती. गेलेला माणूस तिच्यासमोर बसला होता, आणि मीच त्याला रोज संध्याकाळी थोडा थोडा मारला होता.

तिथूनच, सगळ्या बायांसमोर, मॅडमना फोन लावला. ओरडलो नाही. आवाज जसा येतो तसा येऊ दिला.

"मॅडम, धडे माहे हायेत. आवाजबी माहाच राहीन. नाई तं दोनीबी नाई."

काम तिथंच गेलं. ते धडे आजही माझ्या खोलीत आहेत. संध्याकाळी लिथुआनियाचा म्हातारा बोलतो, मी माझ्या हेलात त्याला उत्तर देतो. तिसरं कुणी नाही. नसू द्या. इस्त्री पुन्हा हातात घेणार नाही.

मॅडमना मात्र श्रेय द्यायला हवं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझा सूर अचूक ओळखला. फोन ठेवण्याआधी एकदम त्यांच्या तोंडून निसटलं,

"अहो, तुम्ही चक्क भांडताय!"