ज्वारीतला वाढदिवस

आमच्या गावात साठी ओलांडलेल्या बहुतेकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. आधार कार्ड काढताना खरी जन्मतारीख कोणाला ठाऊक होती? लिहिणाऱ्यानं सरसकट एक जानेवारी ठोकून दिली. काकांचीही तीच. हे काका नात्यानं आमचे कोणी नाहीत, पण राखण मंडळात सगळे त्यांना काकाच म्हणतात. रानडुकरांपासून ज्वारी वाचवायला शेजारशेजारच्या शेतकऱ्यांनी पाळी लावायची, एवढंच ते मंडळ. पण भावकी फुटली तरी मंडळ फुटत नाही. काका त्यातले सगळ्यात जुने.

गेल्या थंडीत माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यात किडा वळवळला. वाढदिवसाला काका दिवस बुडताना पाळीवर येतील तेव्हा मंडळातल्या आपण सगळ्यांनी ज्वारीत लपायचं आणि एकदम उठून ओरडायचं. केक राखणीच्या झोपडीत ठेवला होता.

आता मंडळाचा कायदा असा, की शेतात शिरणाऱ्यानं हाळी द्यायची आणि आत जो असेल त्यानं 'हो' म्हणायचं. 'हो' आलं नाही, तर आत जनावर आहे. त्याच आठवड्यात डुकरानं काकांचं कुत्रं फाडलं होतं. तेव्हापासून त्यांनी काठीच्या टोकाला लोखंड ठोकून घेतलं होतं.

"दादा, हाळीले हो म्हणाच लागते," मी म्हटलं.

"मंग मजा काय राह्यली? तू भेकडच राह्यला लेका!"

माझं टाळकं सरकलं. पण चारचौघांत काय भांडायचं म्हणून त्यांच्यासोबत ज्वारीत जाऊन बसलो.

काका आले. "कोण हाय रे?" कोणी बोललं नाही. पुन्हा हाळी आली. बाकीचे तोंडं दाबून हसून राह्यले होते. आणि दादा, अक्कल गहाण टाकलेला माणूस, चार पायांवर रांगत पुढं निघाला. ज्वारीची ताटं कडकड मोडली.

पहिला घाव तोंडावर बसला. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला. दादा किंचाळेपर्यंत दुसरा बसला होता.

मी धावलो. काठी हिसकून फेकली आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर बुक्की हाणली. दात तुटला. खाली पाडून पुन्हा हाणली. लाज वाटते का म्हणाल, तर नाही वाटत. त्यांनी हात वर केला नाही.

"मार मले," ते रक्त थुंकत म्हणाले, "पण आधी त्याले उचल."

मोटारसायकलवर दादाला मध्ये धरून आम्ही दोघंच तेलंगणातल्या आदिलाबादला निघालो. गाडी मी चालवत होतो, काका मागं. दादाच्या फुटलेल्या डोळ्यावर त्यांनी आपलं धोतर फाडून दाबलं होतं. रस्ताभर दादाचं गरम रक्त माझ्या पाठीवरून खाली वाहत होतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोळा काढावा लागेल. मारहाण दिसते म्हणून पोलीस आला. त्यानं तेलुगूत विचारलं, कोणी मारलं?

"मी," काका म्हणाले.

"खोटं!" दादा स्ट्रेचरवरून ओरडला. "डुक्कर होतं! म्हातारा भ्रमिष्ट झाला, साहेब!"

"मीच मारलं. मले आत टाका."

पोलीस वैतागला आणि माझ्याकडं वळला. "तू सांग."

मला तो म्हातारा कोठडीत हवा होता. खरंच हवा होता. दादानं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की नखं रुतली. त्याचा उरलेला एक डोळा माझ्यावर रोखलेला होता.

"डुक्कर होतं," मी म्हटलं.

काका तिथंच फरशीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. मी त्यांना उठवलं नाही.

दादा आता एका डोळ्यानं राखण करतो, काकांच्याच जोडीला. चहासुद्धा एकाच थर्मासमधला पितात. मंडळ सोडलं ते मी. सगळे विचारतात, काऊन सोडलं गा? काय सांगू? काळोखात त्या म्हाताऱ्याशेजारी बसलो, की माझा हात काठीकडं जातो.